शंका घेण्याचा अधिकार

सरकारी नोकरीत माणूस पहिल्याच वर्षी एक धडा शिकतो : वरून आलेला कागद आधी मार्गी लावायचा, प्रश्न नंतर विचारायचे. प्रशासनाचा गाडा याच शिस्तीवर चालतो, हे मान्य. परंतु बाहेरून येणारे फसवे ई-मेलही याच शिस्तीवर विसंबून असतात, असे माझे मत झाले आहे.

पूर्वी टपाल आले की आवक लिपिक लिफाफा, जावक क्रमांक, शिक्का आणि सही पाहून नोंदवहीत नोंद करी. त्या कंटाळवाण्या कामात पडताळणी दडलेली होती. ई-मेल थेट ज्याच्या त्याच्या टेबलावर येतो, त्यामुळे आवक लिपिकाची ती नजर आता प्रत्येकाला ठेवावी लागते.

काही वर्षांपूर्वी ईशान्य भारतातील नेमणुकीवर असताना लेखा शाखेतील एका नव्या कर्मचाऱ्याला माझ्या नावाने मेल आला. एका कंत्राटदाराचे बँक खाते बदलले आहे, आजचे देयक नव्या खात्यात जमा करावे, मी बैठकीत आहे, फोन करू नये. मार्चचा शेवटचा आठवडा होता. तो माझ्या दालनात आला आणि चाचरत म्हणाला, "सर, क्षमा असावी, हा मेल आपणच पाठवला आहे ना?" नाव माझे होते, पत्ता मात्र भलत्याच खात्याचा. सरकारचा पैसा वाचवणारा माणूस क्षमा मागत होता, ही गोष्ट मला त्या मेलपेक्षा अधिक खुपली.

शंकेचे मोल किती असते, हे बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात दिसले. नोकरी मागणाऱ्या उमेदवाराचे सोंग घेऊन पाठवलेल्या मेलमधून चोरांनी तिच्या संगणकांत वाट काढली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचा प्रयत्न केला. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्सला गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी मात्र वाचले, कारण लाभार्थी संस्थेच्या नावातील स्पेलिंगची चूक खटकून विचारणा झाली. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, चौकशीचा खर्च नगण्य आणि न केल्याचे नुकसान अमर्याद.

पडताळणी अवघड नाही. दिसणारे नाव कोणीही लिहू शकतो. पाहायचा तो पूर्ण पत्ता, आणि त्यातही त्याचा शेवट. 'जीओव्ही डॉट इन' ही अक्षरे पत्त्याच्या मध्ये असून शेवट वेगळा असेल, तर तो पत्ता सरकारी नव्हे. दुव्यावर क्लिक न करता नुसता माउस नेला तरी खरा पत्ता दिसतो. घाई, गुप्तता आणि पैसा किंवा पासवर्ड या गोष्टी एकत्र आल्या की थांबावे. खातरजमा फोनवर करावी, पण मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे. कार्यालयाच्या यादीतील क्रमांकावर. पैसे गेलेच, तर १९३० या हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे.

खरी अडचण पुढे आहे. एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. पण चुकून क्लिक केलेला कर्मचारी खुलासा मागितला जाईल या भीतीने गप्प बसला, तर कार्यालयाला घटना कळणारच नाही. चोराला हवा असतो तो हाच वेळ.

म्हणून कार्यालयप्रमुखांना माझे सांगणे एवढेच : आपल्या नावाने आलेल्या आदेशाबद्दल कनिष्ठाने विचारणा केली, तर तो अवमान मानला जाणार नाही, हे एकदा लेखी परिपत्रकाने कळवा. आणि ज्याने चूक झाल्याचे स्वतःहून सांगितले, त्याला ज्ञापन देण्याआधी त्याचे आभार माना.