दर्यापूरची काळी माती आणि गाडीची निवड

दसरा-दिवाळी जवळ आली, कापूस-सोयाबीनचे दोन पैसे हाती येण्याची चिन्हे दिसू लागली, की पुष्कळ घरांत गाडीचा विषय निघतो. थोरला मुलगा म्हणतो जीप घेऊ, धाकटा म्हणतो मोठी मोटार घेऊ, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, ‘आधी कर्ज फेडा.’ तुमच्याही घरी असा विषय निघाला असेल, तर माझ्यासोबत थोडा वेळ दर्यापूरकडे चला. माझे आजोळ त्या तालुक्यात आहे. गाडी कशी निवडावी हे मी कुठल्या शोरूममध्ये शिकलो नाही. तिथल्या चिखलात शिकलो.

अमरावतीहून दर्यापूरला जाताना प्रथम वलगाव लागते. इथे पेढी नदीचा पूल आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी याच ठिकाणी, अमरावतीकडे नेले जात असताना वाटेतच देह ठेवला. पुढे खोलापूर मागे पडले, की जमीन सपाट होत जाते. ना टेकडी, ना दगड. नजर जाईल तिकडे काळेभोर वावर. दर्यापूर गाव चंद्रभागा नदीच्या काठी आहे आणि ही चंद्रभागा पुढे पूर्णेला मिळते. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव करीत अचलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची शकुंतला गाडी मी लहानपणी पाहिलेली. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालली, पुढे डिझेलवर आली आणि आता गेली काही वर्षे बंदच आहे. रूळ गवतात बुडाले. ही गाडी वऱ्हाडातला कापूस वाहण्यासाठी इंग्रजांच्या काळात घातली गेली होती. ह्या मातीतून पावसाळ्यात बंडी निघणे किती कठीण, हे त्या लोकांनाही कळले होते म्हणायचे!

ही माती म्हणजे पूर्णेच्या खोऱ्याची खोल काळी माती. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. विहिरीचे पाणी खारट, म्हणून शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. खरिपात मूग, उडीद, सोयाबीन, कपाशी, तूर आणि मागाहून जमिनीतल्या ओलीवर हरभरा. उन्हाळ्यात ह्या जमिनीला अशा भेगा पडतात, की हात कोपरापर्यंत आत जातो. पाऊस पडला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचा थर लोण्यासारखा होतो. पायात जोडा असेल तर जोडा राहतो मागे आणि पाय जातो पुढे. लोण्यासारखी घसरते आणि डिंकासारखी चिकटते, हे दोन्ही गुण एकाच मातीत! गाडी घेताना सगळा विचार इथून सुरू करायला हवा.

आता ती रात्र सांगतो. काही वर्षांपूर्वीचा ऑगस्ट महिना. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून मामांचा सालदार वावरात जागलीला गेला होता. रात्री अकराच्या सुमारास त्याच्या पायाला साप डसला. नुकतीच घरी नवी मोटार आली होती. दिसायला देखणी, बुडाला ठेंगणी, टायर रुंद आणि गुळगुळीत. मामेभावाने ती पांदणीत घातली. दोनशे पावलांवर चाके जागच्या जागी फिरू लागली. त्याने घाबरून ॲक्सिलरेटर दाबला, तशी गाडी पोटावर बसली. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा गच्च भरला, की चाक फिरेनासे झाले. शेवटी शेजाऱ्याने बैलबंडी जुंपली. आम्ही सालदाराला बंडीत निजवून डांबरी सडकेवर आणले आणि तिथून दुसऱ्या गाडीने दर्यापूरला दवाखान्यात नेले. वाटेत दीड तास गेला. माणूस वाचला, देवाची कृपा. पण पायाचे बोट गमवावे लागले. डॉक्टर म्हणाले, ‘अंगारे-धुपारे न करता थेट इथे आणलात, पाय आवळून बांधला नाही, हे चांगले केलेत. पण लवकर यायला हवे होते.’

सकाळी मामा चिखलात बसलेल्या मोटारीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग मुलाला म्हणाले, ‘बाप्पा, गाडी घेताना तू रंग पायला. ह्या गाडीले आपल्या गाऱ्याची ओयख आहे काय, हे कोनाले इचारलं तू?’

यंदा दुसरी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. आम्ही दर्यापूर, अकोला, अमरावती अशी तीन ठिकाणे फिरलो. त्यात जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, चाक पाहा. जुन्या बंडीचे चाक उंच आणि अरुंद असे, ते उगाच नव्हे. उंच चाक खड्डा सहज ओलांडते आणि अरुंद चाक वरचा लिबलिबीत थर कापून खालच्या घट्ट मातीला पोचते. आमच्या वावरात रुंद टायर चिखलावर तरंगते आणि घसरते. टायरच्या नक्षीतले खड्डे मोठे व मोकळे हवेत, म्हणजे फिरताना चिखल आपोआप झडून जातो. बारीक नक्षीचे टायर दोन फेऱ्यांत मातीने लिंपून निघते आणि मग त्याचे रूळ होते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हाताची मूठ सहज फिरेल एवढी जागा आहे ना, हे स्वतः हात घालून पाहा.

दुसरी गोष्ट, गाडीखाली वाकून पाहा. मागच्या दोन चाकांमधला जो फुगीर लोखंडी गोळा असतो, तो जमिनीपासून किती उंच आहे ते बघा. गाडीची उंची ती तेवढीच. बाकी कॅटलॉगमधली चित्रे डोंगरावर काढलेली असतात, आपल्या पांदणीत नव्हे.

तिसरी गोष्ट, चारही चाकांना ओढ. हिचे महत्त्व मोठे. पण ही ओढ असूनही टायर गुळगुळीत असले, तर दोनाऐवजी चार चाके घसरतात, एवढाच फरक. शिवाय अशा गाडीत ‘लो’ गिअर आहे का ते विचारा, कारण चिखलातून हळू पण न थांबता जावे लागते. जुनी गाडी घेत असाल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. ओल्या वावरात न्या, दांडा टाका आणि पुढची चाके खरोखर ओढतात का ते खाली उतरून पाहा. पुष्कळ जुन्या जीपमध्ये पुढचा शाफ्ट काढून टाकलेला आढळतो. चेसीला जोड दिलेला आहे का, इंजिनचा आणि चेसीचा नंबर कागदाशी जुळतो का, आणि आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नका.

पिकअप घ्यावी का? माल दर्यापूरच्या बाजारात न्यायचा तर पिकअपसारखी सोय नाही. पण रिकामी पिकअप मागून हलकी असते, त्यामुळे तिची मागची चाके चिखलात लगेच फिरतात. वाळूची दोन-चार पोती मागच्या चाकांवर ठेवली तर फरक पडतो. आणि एक विनंती, मजुरांना, विशेषतः बायाबापड्यांना, पिकअपच्या मागे उभे करून नेऊ नका. ते कायद्यात बसत नाही. अपघात झालाच तर विम्याची भरपाई मिळतानाही अडचण येते.

आता जीप म्हटली की कुणाला शिकार आठवते. एके काळी जीप, दिवा आणि बंदूक ही त्रयीच होती. विलीजच्या जीपची जुळणी महिंद्रांनी मुंबईत स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केली आणि मोठ्या घरांत ती आली. रात्री दिव्याच्या झोतात उभ्या राहिलेल्या काळविटांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते दिवस संपवले. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि आता तिथे माणसे जीपमधून वाघ मारायला नव्हे, पाहायला जातात. पण रोही आणि रानडुकरे आपले पीक खातात, हे दुःख खरे आहे. तरीही वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून जनावर मारता येत नाही. मारण्याच्या हेतूने गाडीने हाकणे हीसुद्धा कायद्याने शिकारच, आणि त्यात वापरलेली गाडी सरकारजमा होऊ शकते. पिकाची नुकसानी झाली, तर वेळेत वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा. गाडी जागलीला जाण्यासाठी असावी, जनावरामागे धावण्यासाठी नको.

गाडी कितीही चांगली असो, चालवणारा उतावळा असला तर काही उपयोग नाही. चाक फिरू लागले की ॲक्सिलरेटर सोडा, दाबू नका. धुऱ्यावरच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या आडव्या अंथरा, चाकापुढचा चिखल फावड्याने काढा आणि हलकेच मागे-पुढे घ्या. गाडीत जाड नाडा, फावडे, दोन फळ्या आणि बॅटरी कायम ठेवा. नाडा ताणलेला असताना कुणालाही त्याच्याजवळ उभे राहू देऊ नका. नाल्याला पूर असेल तर थांबा. दोन फूट वाहते पाणी बहुतेक गाड्यांना उचलून नेते. आणि घाई नसेल तर वापसा येऊ द्या. आपण पेरणीला वापशाची वाट पाहतो, मग गाडीला का पाहू नये? त्याने आपली माती आणि पांदण दोन्ही सुस्थितीत राहतात.

पण दुखणे वापशाची वाट पाहत नाही. म्हणून मामांनी शेवटी काय केले ते ऐका. नव्या मोठ्या गाडीसाठी ठेवलेल्या पैशांतून त्यांनी चारही चाकांना ओढ असलेली एक जुनी, पण निकोप जीप घेतली. तिला अरुंद, मोठ्या नक्षीचे टायर घातले. जड ओझ्याला घरचा ट्रॅक्टर आहेच. उरलेली रक्कम त्यांनी पांदणीसाठी काढून ठेवली आणि शेजारच्या सात-आठ शेतकऱ्यांना घरी चहाला बोलावले. आमच्या भागात मुरूम मिळत नाही, लांबून आणावा लागतो, म्हणून खर्च एकट्याचा नव्हे. दोघांनी कुरकुर केली. एकाने पांदणीत पाच फूट आत कुंपण सारलेले होते, तो गप्प बसला. मामी चहा देताना एवढेच म्हणाली, ‘त्या रात्री साप तुमच्या घरच्याले डसला असता तं?’ चार दिवसांनी ते कुंपण मागे गेले.

राज्य सरकारने २०२१ साली शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली होती. आज तुमच्या गावासाठी कोणती योजना लागू आहे, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. वाट अडवली असेल, तर तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ खाली दाद मागता येते. वाटच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो. पण त्याआधी शेजाऱ्याला चहाला बोलावून पाहा.

परत येताना आम्ही त्याच जीपने लासूरला आनंदेश्वराच्या जुन्या हेमाडपंती मंदिरात गेलो. सालदारही सोबत होता. त्या सपाट मुलखात एवढा दगड कुठून आणि कोणत्या बंडीने आणला असेल, असे त्याने विचारले. मामा म्हणाले, ‘उन्हाळ्यातच आनला असंल, बाप्पा. त्याईले मातीची ओयख होती.’