कडब्याचा हिशेब

सांगलीकडच्या एका बाजारपेठेत अण्णांचे सरकी पेंडीचे पिढीजात दुकान आहे आणि गावच्या पांजरपोळाचे ते विश्वस्त आहेत. सकाळी ते गोठेवाल्यांना पेंडीची पोती देतात. सायंकाळी त्याच पेंडीवर पोसलेल्या, आता भाकड झालेल्या गाईंसाठी कडबा खरेदी करतात. दोन्ही वह्या एकाच हाती असल्यामुळे दूध आणि जमीन यांचे नाते त्यांना स्वस्थ बसू देत नाही.

त्यांच्या वडिलांच्या काळी देशी गाय दोन-तीन लिटर दूध देई. दाणे माणसाचे, कडबा जनावराचा, अशी वाटणी होती. बांधावरचे गवत आणि गायरान यांवर तिचे भागे. तिच्यासाठी वेगळा गुंठा राखावा लागत नसे. संकरित गाय बारा-पंधरा लिटर देते. देह पोसण्यापुरता चारा दोघींनाही लागतोच. पण तो खर्च अधिक लिटरांवर विभागला गेल्याने लिटरमागे चारा निम्म्यावर येतो. व्यापाऱ्याला हे गणित चटकन पटते. दूध तेवढेच हवे असेल, तर गाई थोड्या आणि जमीनही थोडी!

पण नुसत्या कडब्यावर बारा लिटर दूध निघत नाही. तिला रोज वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण लागते, म्हणजे वर्षाला नऊ टनांपर्यंत. भरपूर पाण्यावर संकरित नेपियर गवत लावले, तरी एका गाईमागे पाच-सहा गुंठे बागायत गुंतते. मुरघासाचा मका त्याखेरीज. चारा कमी लागला हे खरे. मात्र तो पिकाच्या उरलेल्या अवशेषांतून निघून पाण्याखालच्या रानात आला. उसाच्या वाढ्यांवर हंगामापुरते भागते, एवढेच. शिवाय सोयाबीन आल्यापासून ज्वारी मागे पडली आणि शेकडा पेंढ्यांचा भाव ऐकून अण्णा हल्ली क्षणभर गप्प होतात.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील संकरित व विदेशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. देशी सुमारे ६ टक्क्यांनी घटला. या संकरित गाईंना गोऱ्हेही होतात. वशिंड नसलेला, उन्हाला न टिकणारा हा गोऱ्हा औताला चालत नाही, आणि औतच ट्रॅक्टरने नेले आहे. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीसही बंदी आहे. ती योग्यच, परंतु जीव वाचला की त्याला रोज पाच-सहा किलो सुका चारा द्यावा लागतो. तीनशे जनावरांच्या पांजरपोळाला वर्षाला सहाशे टन, म्हणजे सुमारे तीनशे एकरांवरचा कडबा! दूधवाल्याच्या हिशेबात ही जमीन कधीच धरली जात नाही. ती दात्यांच्या पावतीत दडलेली असते.

लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरल्यास दहांतील नऊ वासरे कालवडी होतात. तरुण विश्वस्त हाच उपाय सुचवतात. अण्णांना तो मान्य आहे. मात्र त्या कालवडीही एक दिवस भाकड होणारच, हे ते विसरत नाहीत.

गेल्या पौर्णिमेला जुना गिऱ्हाईक टेम्पोत गाय घालून पांजरपोळाच्या दारात आला. सात वेतांची गाय, पाय सुजलेले.

"अण्णा, पदरात घ्या. हिची वैरण आता परवडत नाही."

"सात वेतांचे दूध परवडले ना, बाळा?" अण्णांचा स्वर चढलेला नव्हता. "हिला घरी ने. निम्मा कडबा संस्था देईल, निम्मा तू घाल. नेपियरच्या कडेचे दोन गुंठे हिच्या नावाने सोड."

तो बराच वेळ टेम्पोला टेकून उभा राहिला. मग त्याने विचारले, "निम्मा म्हणजे महिन्याला किती पेंढ्या?"

अण्णांनी वही उघडली.