चिठ्ठीवरचं नाव

रेडी, ता. वेंगुर्ले

चि. मुग्धा हिस,


पत्र पोचलं. तुझा प्रश्न दोन ओळींचा आहे, पण उत्तर तेवढ्यात मावणारं नाही. गोव्यातल्या परिषदेची नोंदणी फी आणि दोन रात्रींचं हॉटेल एक औषध कंपनी भरते आहे, बदल्यात काही मागत नाही, आणि तू औषध लिहिणार ते पेशंटची गरज बघूनच. मग यात बिघडलं कुठे, असं तू विचारतेस. तुझ्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि म्हणूनच सविस्तर लिहितो आहे. कमिशन खाऊन औषध लिहिणाऱ्या डॉक्टरसाठी मी कागद खर्ची घातला नसता. आपण काय करतो ते त्याला पक्कं ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते प्रामाणिक डॉक्टरबद्दल. कंपन्यांच्या प्रचाराचं मोठं काम त्याच्याच टेबलावर होतं, आणि ते लाच न देता होतं.

आधी ‘माझ्यावर परिणाम होत नाही’ हे तुझं वाक्य घेऊ. अमेरिकेत निवासी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. तो अभ्यास २००१ साली छापून आला. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, आणि कंपन्यांच्या भेटवस्तू यांमुळे तुमच्या लिहिण्यात फरक पडतो का? ६१ टक्के म्हणाले, मुळीच नाही. बरं, तुमच्या बरोबरीच्या इतर डॉक्टरांच्या? तेव्हा मात्र ‘त्यांच्यावरही होत नाही’ म्हणणारे जेमतेम १६ टक्के निघाले. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसायला फार शिकावं लागत नाही. पुढे २०१६ साली तिथल्याच सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कंपन्यांनी दिलेल्या गोष्टींत ९५ टक्के निव्वळ जेवणं होती, सरासरी २० डॉलरच्याही आतली. तरीसुद्धा एकदाच जेवलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांत त्या कंपनीचा ब्रँड इतरांपेक्षा जास्त होता, आणि जेवणं वाढली तसा तो वाढत गेला. तू म्हणशील, मुळात ज्यांना ते औषध पटलेलं होतं तेच जेवायला गेले असतील. आक्षेप रास्त आहे. हा नुसता संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही, असं संशोधकांनीही म्हटलं आहे. पण मग कंपन्यांकडे बघ. त्यांचा एमआर तुझ्याकडचा कॉल आटोपून निघाला की शेजारच्या मेडिकलच्या काउंटरला टेकतो आणि तुझ्या चिठ्ठ्यांवर कुठला ब्रँड किती गेला ते टिपून घेतो. त्यांच्या भाषेत याला आरसीपीए म्हणतात. तू काय लिहितेस याचा हिशेब तुझ्यापेक्षा त्यांच्याकडे चोख असतो. इतका हिशेब ठेवणारा माणूस वर्षानुवर्षं आतबट्ट्याचा व्यवहार करील, हे मला पटत नाही.

कायद्याचं म्हणशील, तर भेटवस्तू आणि प्रवासखर्च घ्यायला मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांना डिसेंबर २००९ मध्येच मनाई केली. देणाऱ्याला मात्र तसं बंधन नव्हतं, त्यामुळे कंपन्या हा खर्च धंद्याचा खर्च म्हणून दाखवून आयकरात सूट मागत राहिल्या. अखेर २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सूट नाकारली, आणि या भेटींचा खर्च शेवटी औषधाच्या किमतीतूनच वसूल होतो हेही बजावलं. त्याच वर्षी डोलो या तापाच्या गोळीचं प्रकरण गाजलं. डॉक्टरांवर १००० कोटी उधळल्याचा आरोप न्यायालयात झाला. कोविडच्या वर्षातली गोळीची विक्रीच ३५० कोटींची, मग एवढा खर्च कसा, असं कंपनीचं म्हणणं. लोक आकड्यावर भांडत बसले. ती याचिका मुळात एमआर मंडळींच्या संघटनेची होती आणि तिचं मागणं होतं सक्तीच्या आचारसंहितेचं, हे बाजूला पडलं. मार्च २०२४ मध्ये नवी संहिता आली. फुकट सॅम्पलची मर्यादा विक्रीच्या २ टक्के, देण्याच्या वस्तूची १००० रुपये, सगळं नीट लिहिलेलं. तक्रार करायची कुठे? कंपन्यांच्याच संघटनेने नेमलेल्या समितीकडे. कुंपणाला शेताची राखण सांगितली, तर ते शेत खाणारच.

पण मला कायद्याच्या पळवाटांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. कॉलेज सुटल्यावर डॉक्टरला शिकवतं कोण? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी दर ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. नियम चांगला आहे. पण तालुक्याच्या गावी ते पॉइंट मिळायचे कुठून, याची काळजी नियम करणाऱ्याने वाहिली नाही. ती कंपनीने वाहिली. हॉल तिचा, जेवण तिचं, अनेकदा वक्त्याचं तिकीटही तिचंच. उरलेलं शिक्षण एमआर करतो, तुझ्या दोन पेशंटांच्या मधल्या तीन मिनिटांत. त्याच्या हातातलं व्हिज्युअल एड, म्हणजे ते चित्रांचं-आलेखांचं माहितीपत्रक, एकदा त्याच्याकडून मागून घे आणि सावकाश बघ. आलेखातली डावी रेघ शून्यापासून सुरू होते की ऐंशीपासून? तुलना कशाशी केली आहे, जुन्या स्वस्त औषधाशी की साखरेच्या गोळीशी? किती टक्के फायदा ते ठसठशीत असतं. किती माणसांतल्या किती जणांना, ते शोधून सापडत नाही. यात खोटं बहुधा काहीच नसतं. काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे ज्याला विकायचं आहे त्याने ठरवलेलं असतं, इतकंच. पोराचा दोष नाही. त्याला टार्गेट आहे, आणि ते नाही झालं तर महिनाअखेर त्याची खरडपट्टी ठरलेली.

यावर तुझा खरा सवाल मला दिसतो. कंपन्या नसत्या, तर रेडी-शिरोड्यापर्यंत नवी माहिती आली असती कशी? कोकणातच याचं उत्तर आहे. इंगळी चावून माणसं, विशेषतः पोरं, दगावत होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून बघितलं: रक्तदाबावरची गोळी, विंचवासाठी कुणी न बनवलेली. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, लॅन्सेटमध्ये लिहिलं, मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात उतरलं, आणि २०११ साली प्रतिविषाबरोबर तिची रीतसर चाचणी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. आता सांग, या गोळीसाठी चकचकीत व्हिज्युअल एड छापण्यात कुणाचा फायदा होता? पेशंट गरीब, गोळी स्वस्त, कोर्स थोडक्याच काळाचा. ज्यात नफा नाही ते ज्ञान प्रचाराच्या वाटेने येतच नाही. ते कुणीतरी पदरमोड करून आणावं लागतं. (याच बावस्करांनी पुढे, पेशंट पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने धाडलेला १२०० रुपयांचा चेक परत करून थेट मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली होती.) आणि घरोघर जाऊन सांगण्याची पद्धत वाईट आहे, असंही नाही. अमेरिकेत जेरी ॲव्हॉर्न यांनी १९८३ साली तीच वापरून दाखवली: काहीही विकायचं नसलेले फार्मासिस्ट डॉक्टरांकडे धाडले, त्यांनी समोरासमोर बसून पुरावा समजावला, आणि अनावश्यक औषधं लिहिणं कमी झालं. एमआरचं कसब तेच, पगार देणारा बदलला. आपल्याकडे जिल्ह्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजला हे काम का देऊ नये, मला कळत नाही.

तुझं लिहिणं बदललं की पुढे काय होतं, ते आम्हा पेशंटांच्या बाजूने बघ. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या औषधांची जाहिरात आपल्याकडे थेट लोकांसमोर करता येत नाही. अमेरिका आणि न्यूझीलंड सोडले तर ती बहुतेक कुठेच चालत नाही. त्यामुळे कंपनीचं गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे तू. पैसे मोजणारी मात्र वेंगुर्ल्याच्या काजू फॅक्टरीत गर सोलणारी बाई. जी निवडते ती मोजत नाही, जी मोजते ती निवडत नाही. तिने ठरवलं तरी तिला निवडता येत नाही. तू ब्रँड लिहिलास, तर शेड्यूल एचमधल्या औषधाच्या जागी तेच द्रव्य असलेली दुसरी गोळी देण्याची दुकानदाराला औषध नियमावलीप्रमाणे मुभाच नाही. २०१८ पासून एकाच द्रव्याच्या गोळीच्या स्ट्रिपवर मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या टायपात छापावं लागतं, छापतातही. पण चिठ्ठीवर ते नसेल, तर स्ट्रिपवरचं मोठं अक्षर वाचून ती करणार काय? इथला पेशंट कधी बांबोळीला जातो, कधी बेळगावला, कधी कोल्हापूरला, आणि तीन ठिकाणांहून तीन नावं घेऊन येतो. सर्दीच्या मिश्र गोळीत पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीत पुन्हा पॅरासिटामॉल. नावं वेगळी म्हणून तो दोन्ही इमानाने घेतो.

मिश्र गोळ्यांचा विषय तर स्वतंत्र पत्राचा. एकाच द्रव्याच्या बाजारात पन्नास ब्रँड असले की एक्कावन्नाव्याने वेगळं दिसायचं कसं? आणखी एक-दोन द्रव्यं घालून. अशा शेकडो मिश्रणांना कुठल्या ना कुठल्या राज्याने परवाने देऊन टाकले होते. ती तपासायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते प्रा. चंद्रकांत कोकाटे, बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या अहवालावरून १० मार्च २०१६ ला ३४४ मिश्रणांवर बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली उच्च न्यायालयात ती उडाली, मग डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीने पुन्हा छाननी केल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ वर पुन्हा आली. ही मिश्रणं लिहिणारे सगळे डॉक्टर काय कमिशनखाऊ होते? मुळीच नाही. त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं, आणि उलट सांगणारं दारात कुणी आलं नव्हतं.

तेव्हा परिषदेला जरूर जा, पण फी स्वतः भर. तिथे बसून कार्यक्रमपत्रिकेवर एक नजर टाक: कुठल्या आजारांवर सत्रं आहेत आणि कुठल्यांवर नाहीत. लेप्टो, सर्पदंश, इंगळी यांना किती वेळ दिला आहे, ते मला कळव.

एका बाबतीत मात्र तुझ्या मुद्द्यापाशी मी अडतो. तू लिहितेस, मूळ नावाने लिहिलं की निवड माझ्या हातून सुटून दुकानदाराच्या हातात जाते, आणि तो ज्यात जास्त सुटतं तेच देतो. खरं आहे. दहावर दोन फ्रीची स्कीम त्यालाही असते, आणि ज्या जेनेरिकवर भलीमोठी छापील किंमत मारून ते त्याला मातीमोलाने मिळतं, त्यातून पेशंटच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय दर्जा. नागपूरकडे सरकारी दवाखान्यात बनावट प्रतिजैविकं सापडल्याच्या बातम्यांनंतर कुणी डोळे मिटून विश्वास ठेवावा, असं मी म्हणणार नाही. पण ब्रँड म्हणजे दर्जा, हेही प्रचाराचंच वाक्य आहे. तुझ्या टेबलावरची कुठलीही स्ट्रिप उलटी कर: ‘मार्केटेड बाय’पुढे एक नाव, ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’पुढे बरेचदा दुसरंच, आणि त्या दुसऱ्याच्याच कारखान्यात आणखी कित्येकांचा माल बनतो. दर्जाची हमी द्यायची ती सरकारी तपासणीने. ती ढिली आहे, म्हणून ब्रँडला धरून राहायचं, आणि ब्रँड आहेत म्हणून ती घट्ट करायची कुणाला घाई नाही, हे चक्र जुनं आहे. १९७५ साली हाथी समितीने ब्रँडची नावं टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणून सांगितलं होतं. ४८ वर्षांनी, २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावाने लिहिण्याची सक्ती केली, डॉक्टरांच्या संघटनांनी तुझाच दर्जाचा मुद्दा मांडला, आणि २३ ऑगस्टला सक्ती गुंडाळून ठेवली गेली. तीन आठवडे!

ते चक्र तुटेल तोवर निदान एवढं कर. मूळ नाव मोठ्या अक्षरात लिही, आणि ज्या औषधांत मात्रेचा थोडासा फरकही घातक ठरतो, मिरगीची, थायरॉइडची, रक्त पातळ करण्याची, तिथे खाली कंपनीचं नावही घाल, बाकीच्यात नको. सरकारी दवाखान्यातल्या औषध निर्माण अधिकाऱ्याच्या नोकरीत मला हा भेद पुरेसा वाटत आला. रोज पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरला तो पुरेल की नाही, हे तूच सांगू शकशील. आणि पटत नसेल, तर कुठल्या औषधाला पटत नाही ते नावानिशी लिही.

मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा