मावशीचे राज्य

नात्यांच्या बाबतीत मराठी भाषेने जी काटेकोर व्यवस्था ठेवली आहे, तिचे आम्हांस नेहमीच कौतुक वाटत आले आहे. आत्या, काकू, मामी आणि मावशी या चौघींना इंग्रजी भाषा एकाच शब्दाच्या खुंटीला टांगते. आपल्याकडे प्रत्येकीला स्वतंत्र दालन आहे. त्यांतही मावशीचा मान निराळा. संस्कृतातील ‘मातृष्वसा’ प्राकृतातून झिजत झिजत मराठीत ‘मावशी’ झाली. परंतु अक्षरे झिजली तरी नात्यातली माया काही झिजली नाही. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण ऐकावयास कठोर खरी, पण तिच्यात आईची अवज्ञा नसून पोरक्या लेकराची तरतूद आहे. बौद्ध परंपरा सांगते की, सिद्धार्थाच्या जन्मानंतर सातव्या दिवशी मायादेवी निवर्तली आणि त्याला वाढविले ते तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने. पुरीस रथयात्रेहून परतताना जगन्नाथाचा रथ मौसीमाच्या देवळापाशी थांबतो आणि तेथे पोडपिठ्याचा नैवेद्य होतो. प्रत्यक्ष जगन्नाथालादेखील मावशीच्या दारावरून उपाशी जाववत नाही, तेथे इतरांची काय कथा!

परंतु या वत्सल मालिकेत सहज न बसणारी अशीही एक मावशी असते. ती वयाने आईहून लहान, बहुधा अविवाहित, आपल्या पगारात आणि आपल्या छंदांत रमलेली. घड्याळाशी तिचे वैर असते आणि किल्ल्यांशी तिची कायमची ताटातूट. अशी एक मावशी आमच्या मुलांच्या वाट्यास आली आहे. गेल्या भाद्रपदात आमच्या कुटुंबाला शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात राहावे लागले, तेव्हा तीन आठवड्यांपुरते घराचे राज्य या मेहुणीच्या हाती गेले.

ती आली तीही स्वतःच्या शिलकी रजेवर. या संबंधात आमचे कायदे मोठे मौजेचे आहेत. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी आईची रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रीस मुलांच्या संगोपनासाठी सबंध नोकरीत ७३० दिवसांची रजाही मिळू शकते. पण ही मुले तिची स्वतःची असावी लागतात. बहिणीच्या मुलांची वेणीफणी करणाऱ्या मावशीला त्या तरतुदींत जागा नाही. तिचे मातृत्व हे सर्वस्वी बिनपगारी आणि बिनहुद्द्याचे.

जाण्यापूर्वी आमच्या कुटुंबाने कपाटावर एक वेळापत्रक चिकटविले होते. सहाला दूध, सातला अभ्यास, साडेआठला जेवण, नऊला दिवे बंद. मेहुणीने ते अत्यंत आदराने वाचले, ‘ताईची कमाल आहे’ असा अभिप्राय दिला, आणि दुसऱ्या दिवशी कागद उलटा करून त्याच्या पाठीवर मुलांसह सापशिडी आखली. सलग तीन रात्री शिकरण-पोळीचा बेत झाला. धाकट्या चिरंजीवांस, वय वर्षे सहा, एकट्याने कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयास धाडण्यात आले. ते कोथिंबिरीऐवजी मेथी घेऊन आले, तेव्हा ‘बरे झाले, आज मेथीचेच पिठले’ असे म्हणून त्यांचा गौरव करण्यात आला. आम्ही हे सर्व उघड्या डोळ्यांनी पाहत होतो. मात्र रोजच्या इस्पितळाच्या वाऱ्यांत आमच्या अंगी राज्यक्रांती मोडून काढण्याचे बळ उरले नव्हते.

आमच्या चिंतेचा खरा विषय वेगळाच होता. आमची कन्या अकरा वर्षांची. आई आजारी पडल्या दिवसापासून ती एकाएकी शहाणी झाली होती. पहाटे आपण होऊन उठावे, भावाचे दप्तर भरावे, आम्हांस ‘बाबा, औषधांची चिठ्ठी घेतली ना?’ असे विचारावे. येणारे-जाणारे नातलग तिची तोंडभरून स्तुती करीत आणि त्या स्तुतीने ती अधिकच ताठ होई. मावशी आल्यावर तर तिच्यावर तिसरे मूल सांभाळण्याची पाळी आली. ‘मावशी, गॅस बंद केलास का? मावशी, किल्ली कुठे आहे?’ या सर्व दिवसांत तिच्या डोळ्यांत आम्ही पाण्याचा टिपूस पाहिला नव्हता.

एके सायंकाळी पाऊस आला. वाळत घातलेले कपडे काढण्यास दोघी गच्चीवर धावल्या. कपडे भिजले ते भिजलेच. मावशीने बादली पालथी घातली, तीवर बसकण मारली आणि ‘आता पुन्हा धुवायचेच आहेत, तर भिजू या’ असे जाहीर केले. छत्री घेऊन आम्ही जिन्याच्या तोंडाशी पोहोचलो, तो पोर मावशीच्या मांडीत डोके खुपसून हमसून हमसून रडत होती. ‘आई बरी होईल ना?’ हा प्रश्न तिने आम्हांस कधी विचारला नव्हता. मावशीने खोटा धीर दिला नाही. ती म्हणाली, ‘डॉक्टर म्हणतात होईल. मलाही भीती वाटते गं. पण तू रड. दप्तरे मी भरीन.’ आम्ही छत्री मिटून तसेच खाली आलो.

त्या रात्री आम्ही पुष्कळ विचार केला. जबाबदार माणसांपुढे मूल जबाबदार होते. आमच्या गंभीर मुद्रेपुढे त्या पोरीला कोसळण्याची सोयच उरली नव्हती. ज्या माणसाजवळ कपडे भिजले तरी बिघडत नाही, त्याच्याजवळ आपण रडलो तरी बिघडणार नाही, हे तिने बरोबर ताडले. बेफिकिरी आणि बेपर्वाई यांत हेच अंतर आहे. बेपर्वा मनुष्याला माणसांची किंमत नसते. बेफिकीर मनुष्याला माणसांखेरीज इतर गोष्टींची नसते. दुसऱ्या दिवशी दप्तरे मावशीने भरली. त्यांत पुस्तके चुकीच्या वाराची होती. पण कन्या साडेसातपर्यंत गाढ झोपली होती.

आमचे कुटुंब बरे होऊन घरी आले, आणि मावशी एक मोजा विसरून आपल्या गावी गेली. तेव्हापासून एक विचार मनात घोळतो आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजननदर १.७ आढळला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोन मुलेदेखील नाहीत. एकुलत्या एका मुलीच्या मुलांना सख्खी मावशी कोठून येणार? सुदैवाने आपल्या भाषेने येथेही हात सैल सोडला आहे. आईची मैत्रीण मावशी, शेजारीण मावशी, घरकामास येणारी बाईही मावशीच. हा शब्द केवळ शिष्टाचारापुरता न उरता त्यामागची मोकळी मांडीही शिल्लक राहावी, एवढीच आमची इच्छा आहे. वेळापत्रक लिहिणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतेच. त्याच्या पाठीवर सापशिडी आखणारेही कोणी तरी हवे.