मॅट्रनच्या पदाची मुलाखत

भगिनींनो, नर्सच्या नोकरीच्या मुलाखतीविषयी आपल्या घराघरांत बोलणे होते. पण अधिसेविकेच्या, म्हणजे मॅट्रनच्या पदासाठी मुलाखत देऊन आलेली बाई सहसा भेटत नाही. म्हणून माझा अनुभव सांगावासा वाटतो.

गेल्या वर्षी आमच्या शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाने या पदाची जाहिरात दिली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी स्टाफ नर्सची इन्चार्ज सिस्टर झाले होते. 2020 च्या कोविडमध्ये ड्युट्या लावण्याचे कामही माझ्याकडेच होते. अर्ज केला. मुलगा म्हणाला, "आई, इंग्रजीत विचारतील." म्हटले, "विचारू दे. वॉर्डचा रिपोर्ट मी रोज इंग्रजीतच लिहिते."

मुलाखत मंडळात तीन डॉक्टर, एक विश्वस्त आणि एक व्यवस्थापक. निवड परिचारिकांच्या प्रमुखाची, आणि मंडळात एकही परिचारिका नाही!

"नर्सेस कमी पडल्या तर काय कराल?" पहिला प्रश्न आला. मी सांगितले, भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका हवी, शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा. तितक्या मिळत नाहीत. म्हणून नुसत्या खाटा मोजून ड्युटी लावायची नाही. गंभीर रुग्ण किती ते आधी पाहायचे. डॉक्टरांनी मान डोलावली.

मग विश्वस्तांनी विचारले, "वडील काय करायचे?" हा प्रश्न कशासाठी असतो, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

"पालिकेच्या दवाखान्यात सफाई कामगार होते," मी म्हणाले. क्षणभर कोणी बोलेना. मग मीच पुढे बोलले. "जंतुसंसर्ग रोखणे हे मॅट्रनचे काम. सांडलेल्या रक्तावर एक टक्का हायपोक्लोराइट, वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात, मळके ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. 2016 च्या नियमांत हे रंग ठरलेले आहेत. पण सुई चुकून पिशवीत गेली तर ती कुणाच्या हातात घुसते, हे मी नियम येण्याआधीच घरी पाहिले आहे. वडिलांच्या बोटाला आई चिंधी बांधायची."

पंधरा दिवसांनी नकाराचे पत्र आले. कारण दिलेले नव्हते. फोन केला तेव्हा कळले, "व्यक्तिमत्त्व जरा कमी पडले." ते कोणत्या मापाने मोजले, असे मी लेखी विचारले. उत्तर आले नाही.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून आपल्या खालच्या पदांच्या मुलाखती बंद केल्या. वरच्या पदांना त्या राहिल्या. खाजगी संस्थांना तर तो निर्णय लागूच नाही. मोठ्या पदासाठी मुलाखत जरूर घ्यावी. पण सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, चर्चेआधी प्रत्येक सभासदाने कागदावर दिलेले गुण आणि मंडळात एक ज्येष्ठ परिचारिका, एवढे तरी हवे.

भगिनींनो, नकाराला भिऊन अर्ज करायचे थांबू नका. जाताना आपल्या कामाचे आकडे वहीत लिहून न्या. घरचे विचारले तर मान खाली घालू नका. त्या घराने काय शिकवले ते सांगा.

माझा पुढचा अर्ज टपालात पडला आहे.