पाच वॅट आणि गुहागरचा समुद्र

माणसे गुहागरला जातात ती व्याडेश्वराच्या दर्शनाला, समुद्रात डुंबायला, नाहीतर नुसते सुरूच्या सावलीत पडून राहायला. मी गेलो तो एक तार टांगायला. एस.टी.त शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते जरा सरकून बसले.

"तार? विजेची?"

"नाही, रेडिओची."

"म्हणजे आकाशवाणीत असता वाटतं?"

"छे, बँकेत होतो."

यावर त्यांनी जे खिडकीबाहेर तोंड केले, ते कोयनानगर मागे पडून कुंभार्ली घाट लागेपर्यंत आत वळवले नाही. पलीकडे बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू तिकीट काढतानाच मी तिची आणि माझी ओळख नाकारायला हवी होती.

माझ्या मांडीवरच्या पिशवीत पोह्यांच्या डब्याहून लहान असा एक संच होता. संदेश घेणारा आणि धाडणाराही. सोबत एक बॅटरी, तारेची दोन वेटोळी आणि गळ टाकण्याची घडीची काठी. या संचाची सारी ताकद पाच वॅट! घरातला साधा एल.ई.डी. दिवा नऊ वॅट खातो. त्याच्या जवळपास अर्ध्या शक्तीवर मी समुद्रापलीकडे बोलू पाहत होतो. या हौशी रेडिओवाल्यांच्या सांकेतिक भाषेत कमी शक्तीच्या खेळाला 'क्यूआरपी' म्हणतात. सौभाग्यवती त्याला निवृत्तीनंतरचे खूळ म्हणते.

पण या खुळाला कारण होते. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा माझी ताई आणि भाऊजी तिथेच होते. सकाळी ताईचा फोन आला, "पाणी अंगणात आलंय." एवढेच. त्यानंतर दोन दिवस फोन लागला नाही. पुण्यात बसून मी दर पाच मिनिटांनी तोच आकडा फिरवत होतो आणि तीच बाई तेच वाक्य सांगत होती, की संपर्क होऊ शकत नाही. तिसऱ्या दिवशी एका परक्या माणसाच्या फोनवरून भाऊजींचा आवाज आला, "आम्ही आहोत." मी पुष्कळ बोललो, धीर दिला, सूचना दिल्या. त्यांना काय झाले, हे मात्र विचारायचे राहून गेले. भाऊजी पुढल्या वर्षी हृदयविकाराने गेले, आणि मग तो विषय काढण्याचा धीरच झाला नाही.

त्याच सुमारास मी कुठेतरी भारती प्रसाद यांची हकीकत वाचली. 2004 च्या डिसेंबरात या बाई आपल्या मंडळींसह अंदमानात हौशी रेडिओ केंद्र चालवायला गेल्या होत्या, ते केवळ हौसेखातर. 26 तारखेला त्सुनामी आली, इतर संपर्क तुटला, आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांच्याच रेडिओवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचू लागली. खेळायला गेलेली माणसे अशी कामी आली! वाचून मी ठरवले, आपणही हे शिकायचे.

शिकणे वाटले तेवढे अवघड नव्हते. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते. थोडी वीजशास्त्राची ओळख, थोडे नियम. आरंभीच्या वर्गाला मोर्सच्या 'कट्ट-कडकट्ट'ची सक्ती नाही. वय वर्षे बारापासून पुढे कोणीही बसू शकतो. माझ्या शेजारच्या बाकावर एक शाळकरी मुलगी होती, आणि तिचा पेपर माझ्या आधी लिहून झाला. परवान्याबरोबर 'व्हीयू 3'ने सुरू होणारे एक नाव मिळते. परवाना नसताना ऐकण्याचा संच बाळगून कान द्यायला हरकत नाही, पण बोलण्याचे बटण दाबणे हा गुन्हा आहे, हे होतकरूंनी आधी ध्यानात ठेवावे.

मग संच. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा अवयव असे. हा आवाज गाळायला, तो सूर वेगळा काढायला. नव्या संचात आकाशातून आलेल्या लहरींचे आकडे करतात आणि गाळणे, निवडणे, आवाज काढणे ही सारी कामे आतला इवलासा संगणक हिशेबाने उरकतो. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला हे फार पटले. यालाच सॉफ्टवेअर-डिफाइंड रेडिओ म्हणतात. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी 'बिटेक्स' नावाचा, बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येईल असा संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला केला. जगभरच्या हौशी लोकांनी तो जोडला. पुढे त्याच घराण्यात संगणकावर चालणारे संचही झाले. माझा संच कुठला, ते सांगत नाही. उगाच जाहिरात व्हायची.

आमच्या रेडिओगुरूंनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "महिनाभर नुसते ऐका." मी चार दिवस ऐकले. ऐकू काय येणार? आमच्या बिऱ्हाडातले दिवे, इन्व्हर्टर आणि शेजाऱ्यांचा टीव्ही यांचा मिळून असा खर्रर्र आवाज, की त्यात सगळे जग बुडून जाई. तेव्हा गुरूच म्हणाले, "समुद्रावर जा. तिथे विजेचा गोंगाट नाही, आणि खारे पाणी हा एरियलचा सख्खा भाऊ. किनाऱ्यावर उभ्या तारेतून निघालेली लहर पाण्याला लागून, सपाट निघून दूर जाते."

म्हणून हा प्रवास. आवश्यक ती कागदपत्रे बरोबर घेतली, आणि किनाऱ्याचा मामला, म्हणून तिथल्या पोलीस ठाण्यावरही आधी सांगून ठेवले.

चिपळुणात ताईच्या घरी एक रात्र राहिलो. भिंतीला नवा रंग होता, पण जिन्याच्या सातव्या पायरीपाशी एक मातकट रेघ तशीच ठेवली होती. मी रेघेकडे पाहिले, ताईने माझ्याकडे पाहिले. "चहा टाकते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिलाही बरोबर घेऊन आम्ही गुहागर गाठले.

गुहागर म्हणजे एक लांबच लांब रस्ता, दोन्ही अंगांना चिऱ्यांची घरे आणि घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडी ओलांडली की सुरूचे बन, आणि बन संपले की एकदम समुद्र. दुपारी उतरत्या उन्हात मी वाळूत काठी रोवली, तिला पाच मीटरची तार उभी बांधली आणि तेवढ्याच लांबीच्या चार तारा वाळूवर चार दिशांना पसरल्या. 14 मेगाहर्ट्‌झच्या लहरीला एवढे पुरते. तोवर सात-आठ पोरे जमली. "काका, पतंग आहे?" "काका, मासे धरता?" सौभाग्यवती दूर जाऊन शिंपले वेचू लागली.

मी स्वतःशीच पैज घेतली होती. मोबाईल बंद ठेवायचा. पूर आला आहे असे समजायचे, आणि या डब्यावर काय निभते ते पाहायचे.

आरंभ 'एफटी 8' या पद्धतीने करणार होतो. हिच्यातले 'एफ' आणि 'टी' म्हणजे स्टीव्हन फ्रँक आणि जो टेलर. हे टेलर म्हणजे 1993 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. ताऱ्यांचे क्षीण संदेश ऐकण्यात हयात घालवलेल्या माणसाने 2017 साली सोबत्याच्या मदतीने गरिबांच्या रेडिओसाठी ही सोय केली. आठ सुरांची एक बारीक शीळ घातली जाते. कानाला गोंगाटात ती ऐकूही येत नाही, पण संगणक तिच्यातली अक्षरे वेचून काढतो.

बटण दाबले. पडद्यावर शिळांच्या रेघा पावसाच्या सरींसारख्या खाली उतरू लागल्या. किती केंद्रे! पण अक्षर एकही उमटेना. तार बदलली, वाळू ओली केली, बॅटरी पाहिली. तास गेला. पोरे कंटाळून पाण्यात गेली. मीही संचावर एक चापट मारून झाली.

ताई इतका वेळ शेजारी चटईवर बसून होती. ती म्हणाली, "जरा आवाज मोठा कर रे."

आवाज मोठा केला. लाटांच्या घोषात शिळांचा एक गुंजारव मिसळला. ताई डोळे मिटून ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे सगळे एकदम सुरू होतात नि एकदम थांबतात. आरतीत टाळ थांबतात ना, तसे. पण तुझ्या डब्यावरचे आकडे त्यांच्या मागून येताहेत."

मी कपाळावर हात मारला. या पद्धतीत सारे जग घड्याळावर चालते. दर मिनिटाला चार पाळ्या, प्रत्येक पंधरा सेकंदांची. पावणेतेरा सेकंद शीळ, उरलेला वेळ शांतता. ज्याचे घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले, तो भर बाजारात बहिरा. घरी माझा संच इंटरनेटवरून गुपचूप वेळ मिळवून घेई. त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याची वेळच मला कधी आली नव्हती.

मोबाईल सुरू केला असता, तर वेळ क्षणात मिळाली असती. पण पैज होती. "ताई, शीळ सुरू झाली की 'हं' म्हण." ती 'हं' म्हणे, मी बटण दाबी. तिसऱ्या खेपेला नेमके जमले.

आणि पडद्यावर अक्षरे आली! ओमान, कुवेत, इटली, जपान. जणू कोणी भरल्या सभागृहाचे दार उघडले. सूर्य पाण्याला टेकत असताना मी हाक घातली. माझे नाव आणि माझा जगाच्या नकाशावरचा चौकोन, 'एमके 67'. पहिल्या पाळीला उत्तर नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाळीलाही नाही. पाचव्या पाळीला मस्कतच्या बाजूच्या एका केंद्राने माझे नाव घेतले. सुमारे सतराशे किलोमीटर! आकड्यांची देवघेव झाली, शेवटी '73', म्हणजे शुभेच्छा. सारे मिळून दीड मिनिट. पुढे काळोख पडता पडता सहा हजार किलोमीटरांवरचा एक इटालियनही भेटला. मी वाळूत उड्या मारल्या. सौभाग्यवतीने शिंपल्यांची ओंजळ सांभाळत विचारले, "झालं का मनासारखं?"

ताईने विचारले, "त्या माणसाला सांगितलंस, आम्ही बऱ्या आहोत म्हणून?"

मी गप्प झालो. खरे तर काहीच सांगितले नव्हते. नाव, चौकोन, आवाज किती क्षीण तो आकडा आणि शुभेच्छा, एवढेच त्यात मावते. समुद्र ओलांडला, पण खुशाली कळवता येईना.

अंधारात संचाचा पडदा तेवढा उजळत होता. तिकडे पाहत ताई आपणहून बोलू लागली. त्या रात्री ती दोघे शेजाऱ्यांच्या माडीवर नऊ माणसांत बसली होती. फोनचा पडदा असाच उजळे, पण आवाज नाही. काळोखात फक्त पाणी ऐकू येई. पाण्याचा आवाज बदलला की भाऊजी म्हणत, "एक पायरी उतरलं," आणि सगळ्यांनी श्वास सोडावा. "दोन रात्री आम्ही नुसते ऐकत होतो," ताई म्हणाली. "मग तुझा फोन लागला. तू इतका बोलत होतास, की तुला सांगायचं राहूनच गेलं." मी शीळ बंद केली आणि तिचे सगळे ऐकून घेतले. चार वर्षे उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत दोन पोफळींच्या मध्ये वीस मीटरची तार बांधली, मुद्दाम बुटकी, जेमतेम माणसाच्या तिप्पट उंच. अशा तारेतून 7 मेगाहर्ट्‌झची लहर सरळ वर जाते आणि आकाशातल्या विद्युत्भारित थरावरून उलटून आसपासच्या दोन-चारशे किलोमीटरांत पावसासारखी पडते. सह्याद्री तिच्या आड येत नाही. पूर येतो तेव्हा मस्कत गाठून काय उपयोग? गाठायचे असते पुणे.

या वेळी मी पाऊण तास नुसते ऐकले. कोण बोलतो, कोणामागून कोण येतो, जागा कधी रिकामी होते. मग पुण्याच्या गुरूंचा आवाज आला, आणि ते थांबताच मी माझे नाव उच्चारले, साध्या मराठीत, साध्या आवाजात.

क्षणभर खरखर. मग, "व्हीयू 3 वाले, पुन्हा बोला. आवाज बारीक आहे, पण शब्द न्‌ शब्द कळतो. कुठून?"

"गुहागरहून. पाच वॅट. सर्व ठीक."

"छान! कोणी सोबत आहे?"

"माझी ताई आहे. चिपळूणची."

एरवी या रेडिओवरून परक्यांचे निरोप पोहोचवायचे नसतात. आपत्तीची गोष्ट वेगळी. पण माझ्याजवळ कोण बसले आहे, हे मी सांगू शकत होतो. तेवढ्यात सगळे आले.

ताई आंबोळ्यांचा तवा तसाच टाकून दारात उभी होती. तिने पदराला हात पुसले. सरकारने तारखात्याची तार 2013 साली बंद केली, हे तिला ठाऊक होते. तरी पोफळींमधल्या त्या वायरीकडे बघून ती म्हणाली,

"म्हणजे तार पोचली म्हणायची!"