पावसातली रबरं

सायकल घ्यायला गेलेला माणूस गिअर किती ते विचारतो, एका हाताने उचलून वजन बघतो, सीट दाबून पाहतो. ब्रेकच्या रबरांबद्दल चकार शब्द काढत नाही. जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत त्याचं काही अडतही नाही.

जुन्या पुण्यातल्या २८ इंची काळ्या सायकलींना रॉड ब्रेक असत. त्यात वायरची भानगड नाही. हँडलखालून लोखंडी दांड्या निघायच्या आणि रबरं आऱ्यांच्या बाजूने वर ओढली जाऊन रिंगच्या आतल्या अंगाला टेकायची. त्यामुळे चाकाला थोडा आउट, म्हणजे डगमग, असला तरी ब्रेकला त्याचं सोयरसुतक नसे. दुधाच्या किटल्या लटकवलेल्या सायकलीला हे सोयीचंच होतं. पण रिंग पडली क्रोम चढवलेल्या लोखंडाची. ती भिजली की रबर आणि क्रोमच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा बसायचा, आणि ब्रेक दाबणं म्हणजे सायकलला नुसती विनंती करणं उरायचं. विलायतेत यावर तोडगा म्हणून चामड्याचा तुकडा बसवलेली रबरं निघाली. ओल्या लोखंडाला चामडं बरं धरतं. आपल्याकडे चामडं पायातल्या चपलेचं वापरत.

अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची रिंग आली आणि पावसाची धास्ती बरीच कमी झाली. ओल्यातही एखाद-दुसऱ्या फेऱ्यात पाणी पुसलं जातं आणि रबर पकड घेतं. मात्र हा धातू मऊ. सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा घाट पावसात उतरून या आणि रबर काढून उजेडात धरा. काळा राडा पुसला की मध्येच काहीतरी लकाकतं. रेतीचा कण रबरात रुततो, रिंगचा कीस काढतो, आणि तो कीसही तिथेच रुतून बसतो. मग रबर ही एक कानसच झालेली असते. ब्रेक दाबताना येणारी करकर तिचीच. सेफ्टी पिनने हे कण एकेक उचकटायचे, चकाकी आलेला थर काचकागदावर घासून काढायचा, रिंग स्पिरिटने पुसायची. चेनला तेल देताना एक थेंबही रिंगवर उडता कामा नये. मला हे काम आवडतं. घरच्यांना त्यातलं सेफ्टी पिनचं प्रकरण आवडत नाही.

‘वर्षानुवर्षं टिकेल’ असं सांगून दुकानदार कडक रबर पुढे करतो, तेव्हा मी ते परत सरकवतो. झिजायचं असेल तर रबराने झिजावं, रिंगने नको. रिंग बदलायची म्हणजे सगळे आरे सोडवा, पुन्हा विणा, आउट काढा. पावसाळ्यापुरती मी कूल-स्टॉप कंपनीची भगवट-गुलाबी रबरं लावतो. मुद्दाम ओल्यासाठी केलेलीच आहेत ती.

कार्बन रिंगवाल्यांचं सोवळं आणखी कडक. त्यांची रबरं वेगळी, काही तर बुचाच्या लाकडाची. अलॉयवर वापरलेली रबरं तिथे चालत नाहीत, कारण त्यांतला कीस कार्बनला ओरखडे पाडतो. शिवाय लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तापून रिंगमधला राळेचा थर मऊ पडू शकतो. आपल्या घाटांत हे दुखणं कोण विकत घेतं, कोण जाणे.

बसवताना रबराचं पुढचं टोक मिलिमीटरभर आधी टेकावं, म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. मागच्या टोकाखाली पुठ्ठ्याचा तुकडा धरून नट आवळला की जमतं. रबर खोबणीत सरकवायचं असेल, तर खोबणीची बंद बाजू पुढे. उलटी बसली तर ऐन उतारावर रबर निसटून रस्त्यावर. झिजत जाताना व्ही-ब्रेकचं रबर आऱ्यांकडे उतरतं आणि कॅलिपरचं टायरकडे चढू शकतं. टायरला लागलं की त्याची कड कापली गेलीच, म्हणून कॅलिपरवाल्याने अधूनमधून वाकून बघावं. वाकलोच आहोत तर रिंगच्या कडेवरून बोटही फिरवावं. खळगा लागला, तर कितीही महागाचं रबर आणलं तरी ती रिंग बदलायलाच झाली आहे.